अभ्याससाधनांची देवघेव : मराठीच्या अध्यापकांपुढील एक प्रश्न

१

मराठीच्या पदव्युत्तर वर्गास शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकास दर सत्रात दोन प्रश्न ऐकावे लागतात. सत्राच्या प्रारंभी विद्यार्थी विचारतात, "या अभ्यासपत्रिकेसाठी कोणती पुस्तके पाहावीत?" आणि परीक्षा जवळ आली की तेच विद्यार्थी विचारतात, "याच्या नोट्स कुठे मिळतील?" पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे होणारा हा प्रवास विद्यार्थ्यांच्या आळसाचा आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. अनेक वर्षे मीही तसेच म्हणत आले. परंतु या दोन प्रश्नांच्या मधल्या तीन-चार महिन्यांत काय घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपण वर्गात पंधरा-वीस संदर्भग्रंथांची यादी सांगितलेली असते. विद्यार्थ्याने त्यांपैकी दोन-तीन ग्रंथांसाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चकरा मारलेल्या असतात. एक ग्रंथ कोणा अध्यापकाच्या नावावर दीर्घकाळ गेलेला असतो, दुसऱ्याची आवृत्ती संपून वीस वर्षे झालेली असतात आणि तिसरा यादीत आहे, पण कपाटात नाही, असे उत्तर मिळालेले असते. त्यानंतर तो नोट्सकडे वळतो.

या नोट्सचे स्वरूप आता पालटले आहे. पूर्वी त्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या वहीतून उतरवून घेतल्या जात. पुढे त्यांच्या झेरॉक्स प्रती निघू लागल्या. आता त्या भ्रमणध्वनीवरून एका क्षणात शंभर जणांकडे जातात. त्या कोणी तयार केल्या, कोणत्या ग्रंथांवरून केल्या, कोणत्या वर्षी केल्या, याचा त्यांवर मागमूसही नसतो. एका परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिका तपासताना बा. सी. मर्ढेकरांच्या 'शिशिरागम'चे प्रकाशनवर्ष मला लागोपाठ अनेक उत्तरपत्रिकांत १९४९ असे आढळले. हा संग्रह १९३९ सालचा आहे. आकड्यातील चूक लहान असली तरी परिणाम लहान नाही. 'कांही कविता' हा संग्रह १९४७ सालचा असल्याने 'शिशिरागम' त्यानंतरचा ठरतो आणि मर्ढेकरांच्या काव्यप्रवासाची दिशाच उलटी होते. काही विद्यार्थ्यांनी तर या चुकीच्या वर्षाच्या आधारे कवीच्या 'विकासा'ची मीमांसाही केली होती. त्यांपैकी एकानेही मूळ संग्रह हाती धरलेला नव्हता, हे उघड होते.

यावरून विद्यार्थी देवघेव करीत नाहीत असे म्हणता येणार नाही. उलट, ती ते आपल्यापेक्षा अधिक उदारपणे करतात. त्यांच्यात फिरते ते तयार उत्तर, साधन नव्हे, इतकाच फरक आहे. साधने ज्यांच्यापाशी आहेत, ते आपण मात्र ती फिरू देत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, साधन सापडणे आणि ते कोठे सापडले हे दुसऱ्यास कळणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. दुसरे झाल्याखेरीज पहिले पुरे झाले असे मानता येत नाही, आणि हे दुसरे कार्य ही प्रामुख्याने अध्यापकाची जबाबदारी आहे.

२

हा प्रश्न अमूर्त पातळीवर मांडण्यापेक्षा मी जेथे राहते त्या परिसराच्या संदर्भात मांडणे अधिक योग्य होईल. ठाकुर्ली हे मध्य रेल्वेवरील डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधले लहान स्थानक. चोळे गावाजवळचे रेल्वेचे जुने विद्युतगृह आणि रेल्वेची वसाहत ही त्याची एकेकाळची ओळख. येथे धीम्या गाड्याच थांबतात. ग्रंथांच्या दृष्टीने मात्र ही जागा दरिद्री नाही. एका बाजूस एक स्थानक गेले की कल्याण लागते. तेथील सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर अवघ्या सात वर्षांनी सुरू झालेले. दुसऱ्या बाजूस डोंबिवली, आणि त्यापुढे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा ही स्थानके ओलांडली की ठाणे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे, आणि विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कालिन्याच्या विद्यानगरीत. डोंबिवलीत २०१७ साली आणि ठाण्यात २०१० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, यावरूनही या पट्ट्यातील वाचकवर्गाची कल्पना यावी.

एवढे असूनही आपला विद्यार्थी साधनांवाचून का राहतो? एक तर तो या स्थानकांवर राहत नाही. आमच्या वर्गात कसारा, शहापूर, मुरबाड, बदलापूर, कर्जत येथून विद्यार्थी येतात. त्यांपैकी पुष्कळजण सकाळी वा सायंकाळी कोठेतरी नोकरी करतात. ठाण्याला वा कालिन्याला जाऊन एक अंक पाहून येणे म्हणजे त्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडणे होय. एवढे करून गेल्यावर तो अंक तेथे नसेल, तर तो विद्यार्थी दुसऱ्यांदा जात नाही. त्याचे हे वागणे आळसाचे नाही, हिशेबाचे आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणत्या ग्रंथालयात काय आहे, हे एकत्रितपणे कोठेच नोंदलेले नाही. ग्रंथांची गोष्ट एकवेळ सोडून देऊ. मराठी साहित्यविचाराचा फार मोठा भाग ग्रंथांपूर्वी नियतकालिकांतून अवतरला आहे. 'सत्यकथा', 'छंद', 'नवभारत', 'आलोचना', 'अस्मितादर्श', 'अनुष्टुभ्' यांचे अंक हाताळल्याखेरीज स्वातंत्र्योत्तर समीक्षेचा अभ्यास होऊ शकत नाही. लेख पुढे ग्रंथरूप झाले तरी त्यांवरील प्रतिक्रिया, उत्तरे-प्रत्युत्तरे, संपादकीय टिपा अंकांतच राहतात. साठोत्तरी अनियतकालिकांची तर गोष्टच निराळी. ती मुळात थोड्या प्रतींची, पुष्कळदा चक्रमुद्रित, आणि ग्रंथालयांत जपून ठेवण्याजोगी न वाटलेली. अशा परिस्थितीत 'आलोचना'चे अमुक वर्षाचे अंक कल्याणला आहेत, ठाण्याला आहेत, की आपल्याच महाविद्यालयाच्या पोटमाळ्यावर बांधलेल्या गठ्ठ्यात आहेत, हे सांगणारे एकही साधन विद्यार्थ्याच्या हाती नसते. ते सांगू शकणारा ग्रंथपाल निवृत्त झाला की माहितीही त्याच्याबरोबर निवृत्त होते.

३

आपल्या अभ्यासक्षेत्राचा इतिहास पाहिला तर त्याची उभारणीच साधनांच्या देवघेवीतून झाल्याचे आढळते. त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण ठाण्याचेच आहे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे (१८७१-१९२६) हे विद्यापीठीय अध्यापक नव्हते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी ते एक. ज्या काळी मराठी हा उच्च शिक्षणाचा विषय म्हणून रुजलेलाही नव्हता, त्या काळी त्यांनी जुन्या पोथ्या जमविल्या, प्राचीन काव्य छापून प्रसिद्ध केले आणि वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी केली. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत असल्याने पंथाबाहेरच्या वाचकास त्या बंद होत्या. त्या लिप्यांचा उलगडा राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांतून झाला आणि 'महाराष्ट्र सारस्वता'च्या पुढील आवृत्त्यांत महानुभाव ग्रंथकारांची भर पडली. आज 'लीळाचरित्रा'वाचून मराठी गद्याचा इतिहास शिकविण्याची कल्पनाही आपण करू शकत नाही. तो ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात आहे, याचे कारण कोणीतरी किल्ली शोधली आणि ती स्वतःपाशी ठेवली नाही.

वि. का. राजवाडे यांचे उदाहरण दोन्ही अंगांनी बोधप्रद आहे. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. निष्कर्षांपूर्वी साधने छापावीत, म्हणजे इतरांनाही निष्कर्ष तपासता येतील, हा या मालेमागील विचार आजच्या आपल्या प्रबंधांनाही लाजविणारा आहे. परंतु ज्या पोथीच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली, ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाही. परिणामी राजवाडे संहितेचे महत्त्व मान्य करणाऱ्या अभ्यासकासही एका टप्प्यावर राजवाड्यांच्या शब्दावर विसंबावे लागते. एवढ्या मोठ्या संशोधकाच्या बाबतीतही साधन दृष्टीआड होताच ज्ञानाची जागा विश्वासाला घ्यावी लागली, तर इतरांची कथा काय?

साधन लुप्त असण्याने केवळ तळटीप अपुरी राहत नाही, वाङ्मयाचा इतिहासच वेगळा लिहिला जातो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासातून स्पष्ट दिसते. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. तो पुन्हा वाचकांपुढे आला तो १९७५ साली, स. गं. मालशे यांनी तो शोधून संपादित केला तेव्हा. मधल्या नव्वदांहून अधिक वर्षांत मराठी निबंधाचे जे इतिहास शिकविले गेले, त्यांत या निबंधास त्याचे स्थान मिळणे शक्यच नव्हते. महात्मा फुले यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाचीही गोष्ट अशीच. १८५५ साली लिहिलेले हे नाटक छापील रूपात आले ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या फुले यांच्या समग्र वाङ्मयाच्या १९६९ सालच्या पहिल्या आवृत्तीतही ते नव्हते. मराठी नाटकाच्या प्रारंभाविषयीची आपली चर्चा त्यानंतर बदलली. पण १९७९ पूर्वी ज्यांनी पदव्युत्तर परीक्षा दिली, त्यांच्यासाठी हे नाटक अस्तित्वातच नव्हते. अशी एखादी कृती आजही कोणाच्या तरी कपाटात असू शकेल, ही शक्यता नाकारता येत नाही.

या परंपरेत सूचिकारांचे स्थान मी सर्वांत वरचे मानते, आणि नेमके तेच आपण सर्वांत आधी विसरतो. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांचे दोन भाग नसते, तर गेल्या दोन पिढ्यांतील किती प्रबंध उभे राहिले असते, याची शंकाच आहे. १९४८ साली स्थापन झालेले मराठी संशोधन मंडळ, तेथील अ. का. प्रियोळकरांचे कार्य आणि मंडळाची 'मराठी संशोधन पत्रिका' यांनीही हेच केले. एकाने पाहिलेले दुसऱ्यास पाहता यावे, अशी वाट त्यांनी बांधून ठेवली. सूचीमध्ये मत नसते, प्रतिभेचे प्रदर्शन नसते, आणि पदोन्नतीच्या कोष्टकातही तिला फारसे गुण नसतात. म्हणूनच ती कोणी करीत नाही.

४

येथपर्यंत इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे, अन्यथा हा लेख केवळ उपदेश ठरेल.

पीएच. डी.च्या कामाच्या काळात एका निवृत्त प्राध्यापकांनी मला साठोत्तरी अनियतकालिकांचे नऊ अंक दिले. ते कोणत्याही ग्रंथालयात मला आढळले नव्हते. "तुमचे काम झाले की योग्य वाटेल त्याला द्या," एवढेच ते म्हणाले. माझे काम झाले. अंक मात्र घरातील कपाटात, जुन्या साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले. त्यांच्या आधारे आणखी दोन लेख लिहावयाचे आहेत, असे मी स्वतःला सांगत होते. ते लेख आजही लिहून झालेले नाहीत.

काही वर्षांनी एक विद्यार्थिनी याच विषयाच्या एका अंगावर एम. फिल. करीत होती. ती माझ्याकडे आली आणि मूळ अंक कोठे पाहावयास मिळतील, असे तिने विचारले. मी तिला तीन ग्रंथालयांची नावे सांगितली. त्या तिन्ही ठिकाणी हे अंक नाहीत, हे मला ठाऊक होते. "शोधलेत तर सापडेल," असेही मी म्हणाले. खोटे असे मी काही बोलले नाही, ही पळवाट त्या वेळी पुरेशी वाटली. ती तिन्ही ठिकाणी जाऊन आली. तिच्या गावाहून त्या प्रत्येक फेरीस किती वेळ लागतो, हे मला पुढे कळले. तिने अखेर पुनर्मुद्रित निवडींच्या आधारे प्रबंधिका पूर्ण केली. परीक्षकांनी 'मूळ अंक पाहिलेले नाहीत' असा शेरा दिला, आणि तो रास्तच होता. तिने प्रबंधिकेची प्रत मला आणून दिली, तेव्हा ऋणनिर्देशात माझे नाव होते. साधने शोधण्याच्या कामी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानलेले होते.

त्या पानाने मला जेवढे अस्वस्थ केले, तेवढे कोणत्याही टीकेने केलेले नाही. आपल्या क्षेत्रात वाङ्मयचौर्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते आवश्यकच आहे. परंतु दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून देणे हा दोष असेल, तर सर्वांचे साधन स्वतःचे म्हणून ठेवणे यालाही काही नाव असावयास हवे. ते नाव आपल्या परिभाषेत नाही, याचे कारण तो दोष करणारे आपणच आहोत.

५

आता सर्व काही संगणकावर उपलब्ध आहे, तेव्हा हा प्रश्न जुना झाला, असे काही सहकारी म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणासही संगणकावर वाचता येतात. राज्य मराठी विकास संस्था आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी अनेक ग्रंथ विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमावलीपासून पीएच. डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक झाले आणि 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील प्रबंध जमा होऊ लागले. कर्जतच्या विद्यार्थ्याने नागपूरचा वा कोल्हापूरचा प्रबंध घरी बसून वाचावा, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिदशेत स्वप्नवत होती.

तथापि, प्रबंध तेथे असणे आणि विद्यार्थ्यास तो सापडणे यांत अंतर आहे. मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत आणि तीही वेगवेगळ्या वर्णलेखनाने नोंदलेली असतात. युनिकोडपूर्व अक्षरवळणांत टंकलिखित केलेला मजकूर शोधयंत्रास वाचता येत नाही. प्रतिमारूपात चढविलेल्या पानांत शब्दशोध चालत नाही. त्यामुळे एकाच विषयावर आधी झालेले काम न पाहता पुन्हा तोच विषय नोंदविला जातो. शिवाय जे साधन कोणी संगणकावर आणलेच नाही, ते विद्यार्थ्याच्या लेखी नसतेच. पूर्वी 'ग्रंथालयात नाही' याचा अर्थ 'दुसरीकडे शोधावे लागेल' असा होता. आता 'संगणकावर नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा होऊ लागला आहे. म्हणून या काळात अध्यापकाने वाट दाखविण्याची गरज कमी झालेली नसून वाढलेली आहे.

६

देवघेवीचा विचार करताना कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. याविषयी आपल्यात दोन टोके आढळतात. काहीजण कोणतेही नवे पुस्तक संपूर्ण प्रतिमांकित करून वाटतात, तर काहीजण शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचे एक पान देण्यासही कचरतात. ही दोन्ही टोके अज्ञानातून आलेली आहेत.

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ सालचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, ती १९९२ साली वाढविण्यात आली. या हिशेबाने भावे, राजवाडे यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. मर्ढेकरांचे निधन १९५६ साली झाले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या संग्रहांवरील प्रताधिकार २०१६ अखेर संपला. ज्या 'शिशिरागम'चे वर्ष विद्यार्थ्यांनी चुकविले, तो संग्रह प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती देण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी उरलेली नव्हती. आडकाठी आपल्या अनास्थेची होती. अर्थात, नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व टिपा या संपादकाच्या असतात, याचे भान राखावयास हवे.

प्रताधिकार कायम असलेल्या ग्रंथांबाबतही कायदा अभ्यासकास निराधार सोडत नाही. वैयक्तिक अभ्यास व संशोधन यांसाठी रास्त वापर करण्यास, तसेच अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने प्रत काढण्यास ५२व्या कलमाने मुभा दिली आहे. विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. ग्रंथालयापाशी मुद्रित प्रत असल्यास जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवण्याची तरतूद २०१२ सालच्या दुरुस्तीने झाली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या विदेशी प्रकाशनसंस्थांनी दाखल केलेला दावा या संदर्भात प्रसिद्ध आहे. अभ्यासक्रमासाठी निवडक प्रकरणांचे संच काढून देणे हा प्रताधिकाराचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ते फेटाळले. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने अध्यापनासाठीच्या प्रतींविषयीचे मूळ तत्त्व मान्य केले आणि संचातील मजकूर अध्यापनास कितपत आवश्यक होता, एवढाच मुद्दा पुन्हा विचारासाठी पाठविला. पुढे २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

याचा अर्थ मराठी प्रकाशकांची नवी पुस्तके सरसकट उतरवून वाटावीत असा मुळीच नाही. मराठीतील समीक्षाग्रंथाची आवृत्ती लहान असते आणि ती खपावयास कैक वर्षे लागतात. जो ग्रंथ दुकानात मिळतो, तो महाविद्यालयाने विकत घ्यावा, चार प्रती घ्याव्यात. देवघेव करावयाची ती मुख्यतः दुर्मीळ, आवृत्ती संपलेल्या आणि प्रताधिकारमुक्त साधनांची, आणि त्याहून अधिक त्यांच्या ठावठिकाण्याची. ठावठिकाण्यावर कोणाचाही प्रताधिकार नसतो.

७

या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, साधने शोधणे हाच संशोधकाचा खरा अभ्यास आहे. सर्व आयते दिले तर संशोधक घडणार नाही. हा आक्षेप आदरणीय आहे, कारण तो घेणाऱ्यांनी स्वतः खस्ता खाल्लेल्या असतात. परंतु येथे दोन प्रकारच्या श्रमांची गल्लत होते. पोथीतील पाठ लावणे, अंकांतील वाद उलगडणे, विधानाचा मूळ आधार शोधून काढणे हे श्रम घडविणारे आहेत. बंद ग्रंथालयाच्या दारातून परत येणे हे श्रम कोणास घडवीत नाहीत, ते फक्त गाळतात. आणि गाळतात तेही बुद्धीनुसार नव्हे, तर सवडीनुसार. ज्याच्यापाशी वेळ आणि प्रवासखर्च आहे, तो टिकतो. नोकरी करून शिकणारी शहापूरची विद्यार्थिनी गळते. दात्यांची सूची हाती आल्याने मराठी संशोधक आळशी झाले, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण तो अधिक बलवान आहे. आपण दिलेले साधन वापरून दुसरा आपल्याआधी लिहील आणि आपला उल्लेखही करणार नाही, ही ती भीती. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तसे घडलेले मी पाहिले आहे. मात्र त्यावरील उपाय साधन लपविणे हा नसून देवघेवीची नोंद ठेवणे हा आहे. कोणाचे साधन कोणी केव्हा पाहिले, याची लेखी नोंद विभागात असेल, तर ऋणनिर्देश ही सौजन्याची बाब न राहता तपासता येण्याजोगी बाब होते.

८

अखेरीस काही सूचना मांडते. त्यांसाठी स्वतंत्र निधीची वा शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

पहिली सूचना प्रबंध-प्रबंधिकांविषयी. संदर्भसूचीत आपण ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष देतो. दुर्मीळ साधनाच्या बाबतीत ते कोठे पाहिले, हेही द्यावे. ग्रंथालय, दाखल क्रमांक, प्रतीची अवस्था आणि पाहिल्याची तारीख अशा चार रकान्यांचे एक परिशिष्ट पुरे आहे. मार्गदर्शकाने ते मागितले तर विद्यार्थी देईल.

दुसरी सूचना नियतकालिकांच्या संयुक्त नोंदीविषयी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या एम. ए.च्या अभ्यासक्रमांत संशोधन-प्रकल्पास व कार्यप्रशिक्षणास श्रेयांक आहेत. एका विद्यार्थ्याने एका ग्रंथालयातील एका नियतकालिकाचे कोणत्या महिन्याचे अंक आहेत आणि कोणते नाहीत, एवढेच प्रत्यक्ष पाहून नोंदवावे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील सार्वजनिक व महाविद्यालयीन ग्रंथालयांपुरते हे काम दोन-तीन तुकड्यांत होण्याजोगे आहे. ज्याने एखाद्या नियतकालिकाचे वर्षभराचे अंक असे हाताळले, त्याला पुढे 'नियतकालिकांचे वाङ्मयीन कार्य' या प्रश्नाच्या नोट्स शोधाव्या लागणार नाहीत.

तिसरी सूचना खाजगी संग्रहांविषयी असून ती तातडीची आहे. ठाकुर्ली-डोंबिवलीतील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक आणि प्राध्यापक राहतात, आणि त्यांच्या घरांत चाळीस-चाळीस वर्षे जमविलेले अंक व कात्रणे आहेत. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत जाताना पहिली गदा येते ती या गठ्ठ्यांवर. ते रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने जातात. विभागाने अशा व्यक्तींकडे आधीच जावे, निदान काय आहे याची यादी करून घ्यावी. सर्व ठेवणे शक्य नसले तरी काय नाहीसे झाले, हे तरी कळेल.

चौथी सूचना नोट्सविषयी. त्या थांबविता येणार नाहीत आणि थांबविण्याचे कारणही नाही. परंतु कोणी केल्या, कशावरून केल्या, केव्हा केल्या, या तीन ओळी डोक्यावर असल्याखेरीज टिपण वर्गात फिरवू नये, असा दंडक घालता येईल. तो अध्यापकांनी आधी स्वतःच्या टिपणांना लावावा.

या सूचनांना प्रारंभ कोठून करावयाचा, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे. कपाटातील ते नऊ अंक मी विभागात आणून ठेवले आहेत. त्यांची यादी एका साध्या वहीत केली असून, ते मला कोणी दिले, याचीही नोंद पहिल्या ओळीत केली आहे. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, यासाठी पुढील रकाने मोकळे आहेत. ज्या विद्यार्थिनीस ते वेळेवर मिळावयास हवे होते, तिला मी कळविले. ती आता एका शाळेत शिकविते. एका रविवारी येऊन तिने ते सर्व अंक पाहिले आणि वहीतील पहिली सही केली. तिच्या प्रबंधिकेस त्याचा उपयोग नाही. वहीतील उरलेले रकाने भरावयाचे असतील, तर इतर कपाटेही उघडावी लागतील.